आई गावातच राहणार म्हणते. रोज तिच्याकडे कोण बघणार?

पांदणवाट | १४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं गाव कारंजा तालुक्यात, वाशिम जिल्हा. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आई ७३ वर्षांची, घरी एकटी. मी चाकणला कंपनीत, बहीण अमरावतीला. आईला दोनदा पुण्याला आणली. पहिल्यांदा अठरा दिवस राहिली, दुसऱ्यांदा अकरा. "दार लावलं की दिवस कुठं गेला समजत नाही, अन् उघडं ठेवलं की तुझी बायको लावते," असं तिचं म्हणणं. बायकोचंही बरोबर आहे, आमच्या मजल्यावर दोनदा चोरी झालीय.

गेल्या महिन्यात आई न्हाणीत घसरली. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला. मोबाईल ओसरीत चार्जिंगला. रात्रभर तिथंच, ओल्या फरशीवर. सकाळी दूध घालणारा पोरगा आला, कडी आतून, आवाज दिला तर आतून कण्हणं ऐकू आलं. त्याने मागच्या भिंतीवरून उडी मारली. मनगटाला मुका मार, बाकी काही नाही. त्या रात्री नऊला मी फोन केला होता. उचलला नाही. मला वाटलं झोपली असेल, आणि मीही झोपलो.

नंतर जाऊन कॅमेरा बसवून आलो. चौथ्या दिवशी आईने त्याच्यावर लुगडं वाळत घातलं. तेव्हापासून मला चोवीस तास हिरव्या लुगड्याचं थेट प्रक्षेपण सुरू आहे.

प्रश्न एवढाच: वृद्धाश्रम नको, पुणे नको. गावातच रोज सकाळ-संध्याकाळ कोणीतरी येऊन पाहून जाईल अशी व्यवस्था कोणी बसवली आहे का? माणूस कोण, पैसे किती, आणि किती दिवस टिकली? "तुम्ही पोरं गाव सोडून गेलात" हे आत्याने सांगून झालंय, ते कृपया वगळा.

वऱ्हाडी_ठेचा | १४ जून, रात्री १०:३१

आमच्या आजीने कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं होतं. दोन महिने काका मुंबईत बसून लालभडक घर पाहत होते. विषय गंभीर आहे, जेवून येतो.

माजी_तलाठी | १४ जून, रात्री ११:०५

आधी कागदाचं बोलतो. माणसं मागून जुळतात, कागद मात्र ऐनवेळी लागतो.

आईच्या नावावर शेती असेल तर श्रावणबाळ पेन्शन योजनेत त्या बसणं कठीण. तिथं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये. पेन्शन महिन्याला १५००, ती २०२३ पर्यंत १००० होती. म्हणजे वर्षाची पेन्शन १८,००० आणि मर्यादा २१,०००. पेन्शनएवढं कमावणारा माणूसही जवळजवळ श्रीमंत ठरतो. असो.

आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र आजच काढा. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्यातला खर्च. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. माणूस पडल्यावर आधारसाठी त्याचे अंगठे दाबत बसू नका.

तिसरं, जमीन आणि घर. आईने मायेपोटी तुम्हाला किंवा बहिणीला बक्षीसपत्र करून द्यायचं ठरवलं तर त्यात "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्या. तुम्ही चांगले असालच, पण लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. सांभाळ केला नाही तर हस्तांतरण रद्द करता येतं. अट लिहिलेली नसली की प्रकरण लोंबकळतं. पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, वकील लागत नाही, महिन्याला १०,००० पर्यंत आदेश होऊ शकतो.

एक आठवण. नोकरीत असताना एक म्हातारा आला. तीन एकर दोघा पोरांच्या नावे करून दिलेलं, आणि जेवायला मारुतीच्या देवळात. मी स्वतः बसून अर्ज लिहून दिला. सही करताना पेन खाली ठेवला, म्हणाला, "राहू द्या साहेब, पोराची पेरणी हाये सध्या." गेला तो परत आला नाही.

नुसता_वाचक | १४ जून, रात्री ११:२०

काका, त्यांची आई न्हाणीत पडली तेव्हा कलम २३ भिंतीवरून उडी मारून येणार होतं का?

माजी_तलाठी | १४ जून, रात्री ११:२४

नाही. पण भिंत कोणाच्या नावावर आहे ते त्यावरून ठरतं.

सतरा_रजिस्टरं | १५ जून, सकाळी ६:५०

मी आशा सेविका आहे. यवतमाळ जिल्हा, गाव सांगत नाही. हा प्रश्न मला दर आठवड्याला फोनवर येतो, पुण्याहून, नागपूरहून, एक तर दुबईहून. "ताई, जरा बुढीकडे चक्कर टाका." टाकते. पण माझ्याकडे हजारावर लोकसंख्या आहे. गरोदर बायका, बाळं, टीबीच्या गोळ्या, बीपी-शुगरची यादी, मधूनमधून कोणतातरी सर्व्हे. मला जे पैसे मिळतात त्यात "आजींशी दहा मिनिटं बोलली" याचा रकाना नाही. नाव सतरा रजिस्टरं उगाच घेतलं नाही.

आणि पांदणवाट दादा, तुमच्या आईला तुम्ही आहात. माझ्या यादीत एक आजी आहे, पोर नाही, नवरा नाही, जमीन नाही. निराधारची पेन्शन आहे, पण अंगठा उमटत नाही. साठ वर्षं निंदण-वेचणी करून बोटं गुळगुळीत झालीत. पैसे काढायला गेली की म्हणतात हात धुऊन या, मग तेल लावून या, मग उद्या या. तीन वेळा ऑटोचं भाडं गेलं. चौथ्यांदा मी सोबत गेले, डोळ्यांवरून ओळख पटवायचं यंत्र आहे का विचारलं, तर कपाटातून निघालं. खोक्यातच होतं.

धाग्यात फक्त फोन करणाऱ्या पोरांच्या आयांचं बोलू नका एवढीच विनंती.

धाकटी_सून | १५ जून, दुपारी २:१५

"माणूस कोण" असं विचारलंत. उत्तर इथं सगळ्यांना माहीत आहे, कोणी लिहिलं नाही एवढंच. बाई. आजवर ती फुकट होती, आता तिचे पैसे विचारताय, हे मात्र पहिल्यांदा पाहिलं. बरं वाटलं.

सासूबाई साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. वर्धा जिल्हा, गाव हायवेपासून नऊ किलोमीटर आत. पहिल्या दोन महिन्यांतच पाठीला जखम झाली, कारण मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी चादर खालून ओढून काढायची, त्यात कातडी सोलते हे ठाऊकच नव्हतं. पुढं एक मावशी भेटल्या, दवाखान्यात आया होत्या, रिटायर झालेल्या. त्यांनी एका दुपारी सगळं दाखवलं: दर दोन तासांनी कूस, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली घडी, चादर ओढायची नाही, माणसाला कुशीवर करून अर्धी-अर्धी बदलायची. एक दुपार! तेवढं शिकायला मला दोन महिने आणि सासूबाईंना एक जखम लागली. अंगणवाडीत बाळाला मालिश कशी करायची याचे तक्ते आहेत. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं याचा एक तक्ता कुठं पाहिलाय का?

थोरले दीर-जाऊ दिवाळीत सोनपापडीचा डबा घेऊन यायचे आणि आईच्या पायाशी बसून रडायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. माझ्या कमरेचं कोणी विचारलं नाही. आता पट्टा बांधून लिहिते आहे.

वऱ्हाडी_ठेचा | १५ जून, दुपारी २:४०

ताई, सोनपापडीचा तो डबा आमच्याकडून तुमच्याकडे आला असावा. इथंही कोणी उघडला नव्हता.

(हलकं घ्या. बाकी प्रतिसाद वाचून गप्प झालो.)

शहाणपणा_नको | १५ जून, सायंकाळी ७:३०

मी उलटं बोलतो. "वृद्धाश्रम नको" हे धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये का ठरवून टाकलं? गाव म्हणजे काय राहिलंय आता? तरुण पुण्याला, शाळेत पट नाही, संध्याकाळी पारावर पत्ते. घरातली बाई नांगराच्या बैलासारखी जुंपायची आणि वर म्हणायचं आमच्याकडे वृद्धाश्रमाची संस्कृती नाही.

ज्या गाडगेबाबांचे फोटो आपण ग्रामपंचायतीत लावतो ते याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी जागोजाग धर्मशाळा बांधल्या. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं. ज्याला घर नाही त्याच्यासाठी छप्पर उभं करणं ही विदर्भाला परकी गोष्ट नाही. दर पाच-दहा गावांत मिळून एक नीट चालवलेलं घर, दोन प्रशिक्षित बायका पगारावर, आठवड्याला डॉक्टर. हे घरोघरी चकरा मारण्यापेक्षा स्वस्त पडेल. लाज कशाची आहे नेमकी?

बोडीकाठ | १५ जून, रात्री ९:१०

शहाणपणा_नको, मुद्दा पटतो, पण थांबा. आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात (मी शिक्षक) गावाने एका म्हाताऱ्याची पाळी लावली होती. कोणीच नव्हतं त्याला. रोज एका घरून जेवण, संध्याकाळी एकाने जाऊन दिवा लावायचा. माघात ठरलं, चैत्र-वैशाखात झकास चाललं, लोक हौसेने वरण-भातावर तूप वाढून न्यायचे. बाबा चार किलोने सुधारला असेल.

मग रोवणे (धानाची लावणी) सुरू झाले. सकाळी सहाला बायका बांधीत, अंधारल्यावर घरी, कंबर मोडलेली. एकाची पाळी चुकली, दुसऱ्याला वाटलं तिसऱ्याने दिलं. सलग दोन दिवस बाबा उपाशी होता आणि तो कोणाला बोलला नाही, कारण फुकटचं खाणाऱ्याने मागायचं कसं? शेवटी शाळेतल्या पोरांनी मला सांगितलं.

गाव वाईट नव्हतं. फुकटची सोय हंगामात मोडते, मला एवढंच समजलं. धान असो की कापूस. ज्या महिन्यात हाताला काम असतं त्या महिन्यात धर्म मागं पडतो. म्हणून पैसे देऊन माणूस ठेवा, आणि हंगामात जास्त पैसे द्या.

तमिळनाडूत पेन्शनवाल्या वृद्धांना शाळेच्या माध्यान्ह भोजनातच जेवू घालायची सोय १९८० च्या दशकात केली होती. आमच्या शाळेत चूल आहे, भांडी आहेत, शिजवणाऱ्या ताई आहेत. चार ताटं वाढवायला जड नाही. पण हिशेब कोणत्या रकान्यात लिहू, सांगा.

सतरा_रजिस्टरं | १५ जून, रात्री ९:२५

सर, रकान्याचं दुःख इथं कोणीतरी समजून घेतलं. धन्यवाद.

कोझिकोड_रिटर्न | १६ जून, सकाळी ११:००

मूळ गाव दर्यापूर तालुका. नर्सिंगच्या कामानिमित्त काही वर्षं केरळात होते. तिथलं थोडं सांगते, कारण बोडीकाठ सरांची पाळी आणि शहाणपणा_नको यांचं घर, या दोन्हींच्या मधली वाट तिथं पाहिली.

कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना कमी करायचं काम सुरू केलं. पुढं लक्षात आलं की दवाखान्यात बसून भागत नाही, माणूस घरी पडून आहे. मग गावोगाव स्वयंसेवक तयार झाले. अट छोटी, आठवड्याला निदान दोन तास. त्यांना शिकवतात, अगदी धाकटी_सून ताईंनी लिहिलंय तेच, कूस बदलणं, तोंड साफ करणं, शांत बसून ऐकणं. २००८ मध्ये राज्याने धोरण केलं आणि पंचायतींच्या पैशातून घरी जाणारी नर्स आली. म्हणजे स्वयंसेवकाची पाळी चुकली तरी पगारी माणूस येतोच. पाळी एकटी असती तर तिथंही पावसाळ्यात मोडली असती, आणि पाऊस तिथं आपल्यापेक्षा जास्त आहे.

माजी_तलाठी | १६ जून, दुपारी १२:३०

पंचायतीचं निघालं म्हणून. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. म्हाताऱ्यांसाठी तशी वेगळी टक्केवारी नाही. पण ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही, त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर त्यातून काठी, वॉकर, कमोडची खुर्ची मागता येते. ग्रामसभेत लेखी मागा.

वऱ्हाडी_ठेचा | १६ जून, दुपारी १२:४१

काका, आमच्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी. घरपट्टी भरते कोण? तिचे ५ टक्के म्हणजे गावात एक काठी, तीही बांबूची, ती सरपंचाच्या वडिलांकडे.

बुढा_बोलते | १६ जून, सायंकाळी ५:२०

नातू टाइप करून राह्यला, मी सांगून राह्यलो. चुकलं तं त्याले बोला.

मी ७६ वर्साचा हाओ. तुमी सारे बुढ्यायचं काय करा लागते ते ठरवून राह्यले, पन बुढ्याले कोनी इचारलं नाई. मी सांगतो मले काय पायजे.

सकायी कोनीतरी बाहेरून बोंबलाव, "काहो आबाजी, उठले काय?" आत याची गरज नाई. मी आतून हो म्हनीन. नाई म्हनलं तं मंग याव.

दुसरं, पायाची नखं. मले वाकता येत नाई. सुनेले सांगाची लाज वाटते, ते चांगली हाये पन लाज वाटते. पयले न्हावी घरी ये, दाढी करे, नखं काढे, अन् गावभरच्या गोष्टी सांगे. त्याचं पोरगं आता तालुक्याले हाये, आरशाच्या दुकानात. मायं नख वाढून बोटात रुतलं, पाय सुजला, तवा साऱ्यायले समजलं.

अन् ते कॅमेऱ्यावर लुगडं टाकलं ते बराबर केलं बुढीनं. मी अंगात बंडी न घालता बसतो, तं पोरगं पुन्याहून पायते?

एसटी ७५ च्या वर फुकट हाये २०२२ पासून. मी दर सोमवारी मंगरूळले जातो. काम काईच नाई. ष्टँडवर बसतो, चहा पेतो, येतो. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडते अन् इचारते, "आबाजी, मांगच्या सोमवारी आले नाई?" हे इचारनारा घरी कोनी नाई. सारे मले "जेवले काय" इतकंच इचारतात.

वृद्धाश्रमात काहून जात नाई ते सांगतो. तिथं सारे बुढेच रायतात. मले बुढे आवडत नाई.

नुसता_वाचक | १६ जून, सायंकाळी ५:३३

हा धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. नातवाला माझ्याकडून चहा.

शहाणपणा_नको | १६ जून, सायंकाळी ६:०२

आबाजी, तुमच्यापुढं माझं काही चालत नाही. पण तुम्ही मंगरूळला जाऊ शकता. जे बाजेवरून उतरू शकत नाहीत त्यांच्यासाठी मी बोलत होतो. आणि ताईंच्या यादीतल्या त्या आजीसाठी, जिला बाहेरून आवाज द्यायलाही कोणी नाही. तो मुद्दा मी मागं घेत नाही.

बुढा_बोलते | १६ जून, सायंकाळी ६:४०

ते बराबर हाये. बाजीवरचा मानूस येगळा.

डॉक्टर_आडवळणी | १७ जून, रात्री १२:१०

काही वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली आहेत. आबाजींच्या नखापासून सुरू करतो. शुगर असलेल्या माणसाचं रुतलेलं नख ही किरकोळ गोष्ट नाही. त्यातून अंगठा कापावा लागल्याचं पाहिलंय. महिन्यातून एकदा गावात कोणी नखं काढणारा आणि पाय बघणारा आला तर कित्येक गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. हे कुठल्याच योजनेत नाही कारण ऐकायला फार साधं वाटतं.

पांदणवाट, आईच्या पडण्याबद्दल. नशीब की खुबा मोडला नाही. गावाकडे खुबा मोडला की पहिले चार दिवस हळद-तेल लावून "मुरगळलाय" म्हणत जातात, मग आम्हाला भेटतात. त्या चार दिवसांत माणूस निम्मा संपतो. पडल्यावर पाय टाकताच येत नसेल आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळला असेल तर चोळू नका, हलवू नका, १०८ ला फोन करा.

माणूस शोधेपर्यंत करायचं ते असं. न्हाणीतलं शेवाळ ब्लीचिंगने घासून काढा आणि खडबडीत फरशी बसवा. उठबस करायला भिंतीत एक पाइप पक्का करा, गावातला वेल्डर करून देईल. बाज ते न्हाणी या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. आईला बीपीची गोळी असेल तर रात्री उठताना बाजेच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं. बऱ्याच जणांना उभं राहताक्षणी चक्कर येते. मोतीबिंदू एकदा तपासा. आणि मोबाईल चार्जिंगला नाही, गळ्यात. बटणांचा साधा फोन, दोरीने.

आणि आतली कडी काढून टाका. बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप, एक किल्ली शेजारी. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला सांगता येतं, पण आतून कडी असली की तोही बाहेरच.

पांदणवाट | १७ जून, रात्री १२:३५

डॉक्टर, कडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कॅमेऱ्यावर सात हजार घातले.

मोझरी_रोड | १७ जून, सकाळी ८:००

आमच्या गावात अजून तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज होते. येणारे बहुतेक साठीच्या पुढचेच. कोणी दिसलं नाही तर प्रार्थना संपल्यावर दोघं जण घरी जातात, मुद्दाम ठरवून नाही, सवयच आहे. हजेरीचं रजिस्टर नाही, पण हजेरी आहे. तुमच्या गावात मंडळ असेल तर आईला पाठवून पाहा.

पांदणवाट | १७ जून, सकाळी ८:२०

मंडळ आहे. पण तिथं शेवंतामावशी येते आणि आईचं तिच्याशी १९९८ पासून बोलणं नाही. धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) निंबाचं झाड.

वऱ्हाडी_ठेचा | १७ जून, सकाळी ८:२२

अरे मग तर रोज पाठवा! भांडायला का होईना, दोघी जिवंत आहेत का ते एकमेकींना समजेल.

धाकटी_सून | १७ जून, दुपारी ३:००

आणखी एक गोष्ट, जी कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. बाई ठेवायची म्हणता, पण कोणत्या घरची? आमच्या सासूबाईंसाठी एक चांगली मुलगी मिळाली होती, हातात माया होती. दोन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, तिच्या हातचं पाणी नको. अंग पुसलेलं चालत होतं, पाणी चालत नव्हतं. मुलगी काही बोलली नाही, तिसऱ्या दिवसापासून आली नाही. मी तिच्या जागी असते तर दुसऱ्याच दिवशी गेली असते. पांदणवाट, आईशी आधी हे बोलून घ्या, आणि काय बोलायचं ते ठरवून जा. "तिला वाईट वाटेल" म्हणून गप्प राहू नका, कारण वाईट कोणालातरी वाटणारच आहे.

सतरा_रजिस्टरं | १७ जून, रात्री ९:४५

वरच्या प्रतिसादाला हजारदा अनुमोदन.

(मध्ये चौदा-पंधरा प्रतिसाद पुण्यात भाड्याने घर मिळणं आणि कापसाच्या भावावर गेले.)

पांदणवाट | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

धागा वर आणतोय. पाच महिने झाले, काय झालं ते सांगायला हवं.

कडी जूनमध्येच काढली. न्हाणीत पाइप बसवला, आई त्यावर टॉवेल वाळवते, पण धरतेही. कॅमेरा काढून टाकला. आईने ते लुगडं परत नेसायला घेतलं.

माणसाचं असं झालं. आधी शेजारच्या काकूंना विचारलं, त्या पैशाचं ऐकून रागावल्या. "आम्ही काय मोलकरणी आहोत?" आठवडाभर घरी आल्याच नाहीत, म्हणजे होती ती सोयही गेली. मग बहिणीने डोकं लावलं. बचत गटातल्या बायकांसमोर विषय मांडला, आमच्या एकट्या घराचा नाही, आमच्या गल्लीतल्या पाच घरांचा. पाचही घरांत म्हातारं माणूस एकटं किंवा दोघंच. चार घरांची पोरं बाहेर, त्यांचे नंबर जमवले. गटातली एक विधवा ताई तयार झाली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, पाचही घरी फेरी, गोळी घेतली का, चूल पेटली का, काही आणायचं का. दर रविवारी नखं आणि पाय, हे आबाजींमुळे. महिन्याला घरटी हजार, पैसे गटाच्या खात्यात, तिथून तिला. पगार गटाकडून मिळतो म्हणून ती मोलकरीण नाही, असं सगळ्यांनी मान्य केलं. शब्दाचा खेळ आहे, पण चालला.

पाचव्या घराचं कोणीच नाही. त्या आजींचे हजार आम्ही चौघं मिळून देतो. एकाने दोन महिन्यांनी कुरकुर केली, त्याला या धाग्यातला आशाताईंचा पहिला प्रतिसाद पाठवला. देतोय सध्या.

धाकटी_सून ताई, तुम्ही लिहिलंत तो प्रसंग आलाच. आईने पहिल्या आठवड्यात ताईला चहा दिला, वेगळ्या कपात, कान तुटलेल्या. ताईने कप पाहिला आणि "चहा सोडलाय" म्हणाली. बहिणीने फोनवर आईला जे सुनावलं ते इथं लिहित नाही. कप बदलला. आईचं मन बदललं का ते मला माहीत नाही.

आणि बोडीकाठ सर, तुमचं अक्षरशः खरं झालं. दिवाळीनंतर वेचणी जोरात आली. वेचणीत ताईला दिवसाला जे सुटत होतं त्यापुढं आमचे पैसे काहीच नव्हते. नऊ दिवस संध्याकाळची फेरी बंद. आम्हाला कोणी कळवलं नाही, आईनेही नाही. "तिचे चार पैसे कमावायचे दिवस आहेत, तू मधे पडू नको," म्हणाली. आता नोव्हेंबर-डिसेंबरला घरटी सोळाशे ठरवलेत.

बोडीकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०२

नऊ दिवस म्हणजे लवकर समजलं. जून-जुलैचंही आताच ठरवून ठेवा, पेरणी-निंदणाचं.

बुढा_बोलते | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

रविवारी नखं कापतात हे वाचून दाखवलं नातवानं. आमच्या गावाले पाठवा त्या बाईले.

सतरा_रजिस्टरं | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

दादा, छान केलंत. एक विचारू? ताई आजारी पडली, माहेरी गेली, तर तिच्या जागी कोण? आणि तिला सुट्टी किती?

पांदणवाट | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

बदली कोणी नाही. सुट्टीचं आम्ही चौघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. आज रात्री ग्रुपवर टाकतो.

धाकटी_सून | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:०९

ग्रुपवर नंतर. आधी तिला विचारा.